दोन बाय तीनचे मालक

पनवेल तालुक्यात बिल्डर शेकड्यानं झाले, पण अख्खं घर विकून त्यातलं देवघर तेवढं स्वतःकडे ठेवणारा बिल्डर एकच झाला आणि तो आमच्या नशिबी आला. हे मी आता लाडानं म्हणते आहे. पहिली काही वर्षं मी हेच वाक्य वेगळ्या सुरात म्हणत असे आणि त्यात आणखी दोन-तीन शब्द असत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. इमारतीतले लोक त्यांना शेठ म्हणत. मीही तोंडावर शेठच म्हणायची आणि घरात ‘आमचे बिल्डर’. आमचे साहेब, आमचे डॉक्टर, तसे आमचे बिल्डर. फरक इतकाच की साहेब आणि डॉक्टर न सांगता घरी येत नाहीत.

कोन गावाच्या अंगाला, एक्सप्रेस वेची घरघर ऐकू येईल इतक्या अंतरावर त्यांची सात मजली इमारत आहे. जाहिरातीत ती पनवेलमध्ये होती. इमारतीला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं, ‘चांगुणा हाइट्स’. एकदा मी सहज म्हटलं, नाव छान आहे हो. तर म्हणाले, “आय माजी पाच फूट बी नव्हती. आता बगा.” आणि मान वर करून गच्चीपर्यंत बघत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्या घरातला हा माणूस. सत्तरी ओलांडलेली, काळा तुळतुळीत वर्ण, पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, गळ्यात सोन्याची साखळी आणि पायात रबरी चप्पल. मुलांकडे मोठाल्या गाड्या होत्या, हे स्वतः स्कूटरवरून यायचे आणि स्कूटर बरोबर पार्किंगच्या मधोमध लावायचे. खिशात कायम एक सुतळी, तिला जागोजागी गाठी मारलेल्या. मोजायला टेप वापरायचा नाही, कारण त्यांच्या मते टेप कारखान्याच्या मापानं मोजतो आणि घर माणसाच्या मापाचं लागतं. कमरेच्या करदोट्याला एक किल्ली. ती कशाची, हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. तळमजल्यावर मीटरच्या शेजारी एक कोंदट खोली होती, लोखंडी दाराची, तिची असावी असा सगळ्यांचा अंदाज. ती खोली सायकली ठेवायला द्या म्हणून सोसायटीनं दोन अर्ज केले होते. त्यावर शेठचं उत्तर ठरलेलं, “ती रिकामी नाय.”

आता देवघराबद्दल. आमच्या इमारतीत मजल्यावर दोन फ्लॅट. समोरच्या बाजूला मोठी बाल्कनी दिली आहे आणि आमच्या बाजूला, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीत, दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल असं देवघर. समोरच्यांना वारा, आम्हाला देव, अशी वाटणी. पण देवघर असं काही की बघत राहावं. खाली काळा कडप्पा, पाणी सांडलं तर वाहून जायला बोटभर उतार. डाव्या हाताला तेलाच्या बाटलीचा कोनाडा, तोही बाटली बुडाला चिकट असणार हे धरून थोडा खोलगट केलेला. उजवीकडे वाती आणि काडेपेटीचा खण, निर्माल्यासाठी वेगळी जागा, वर धूर जायला जाळी. निरांजन ओवाळताना हाताचं कोपर भिंतीवर आपटत नाही. हे वाचायला साधं वाटेल, पण दहा घरांत जाऊन निरांजन ओवाळून बघा, नऊ ठिकाणी कोपर आपटेल. हे सगळं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. नकाशे काढणारे आर्किटेक्ट चांगले टाय लावणारे गृहस्थ होते. त्यांना शेठनी अर्धवट बांधलेल्या स्लॅबवर पाट टाकून बसवलं आणि हातात रिकामं ताम्हन देऊन पूजा करायला लावली. ते गृहस्थ म्हणाले, मी नास्तिक आहे. शेठ म्हणाले, “आसा की. पर हात तं आपटतोय ना? मंग भिंत मागं घ्या.” भिंत मागे गेली.

कडप्पा मात्र जमिनीपासून फक्त आठ बोटं उंच. देवाला बसायला एवढंच उंच, कारण माणसानं देवापुढे खालीच बसायचं, हा त्यांचा कायदा होता. “ढुंगन भुईला टेकल्याबिगर देव बोलत नाय,” असं ते बायकांसमोरसुद्धा बिनदिक्कत सांगत. दुसरा कायदा त्याहून कडक. आमच्या बाजूच्या सातही देवघरांची रांग एकावर एक, ओळंब्यात. पहिल्या मजल्याच्या देवाच्या डोक्यावर दुसऱ्याचा देव, त्याच्यावर तिसऱ्याचा, असं थेट वरपर्यंत. “कोनाच्या देवावर कोनाचा पाय नको. संडास तं नकोच नको.” सातव्या मजल्यावरच्या देवावर कुणी चालू नये म्हणून गच्चीत बरोबर त्या जागी तुळस लावून भोवती कठडा घातलेला. पापड वाळवायला तीच जागा उन्हाची, पण तिथे पापड घालायची कुणाची टाप नव्हती.

इतकं करून माणूस थांबला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण महिन्यातून एकदा ते सात देवघरांची तपासणी करायला येत. बेल वाजवायचे, चपला बाहेर, थेट देवघरापाशी. नमस्कार, एक नजर डावीकडे, एक उजवीकडे. “तेल आटलाय. जाली साफ करा.” आणि चालू लागायचे. चहा विचारला तर म्हणायचे, देवघरान आलोय, तुमच्या घरान नाय. पाचव्या मजल्यावरचे जोशीकाका जिथे जातील तिथून एक मूर्ती आणायचे, त्यामुळे त्यांच्या देवांना बाजूला सरकायलाही जागा नव्हती. शेठनी तिथे बराच वेळ बघून शेवटी सांगितलं, “काका, देवाला पन कार्पेट एरिया लागतो.” तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी देवघरात फ्रिज ठेवला होता, अगदी मापात बसला म्हणून. शेठ त्यांच्याही घरी नेमानं जात, फ्रिजसमोर उभे राहून हात जोडत आणि मग दार उघडून आत बघत. पहिल्यांदा नुसते बघून गेले. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, “अंडी तेवढी वरच्या कप्प्यान नका ठेवू.” त्या मुलीनं तेव्हापासून अंडी खाली ठेवली. का, ते तिलाही सांगता येत नाही.

आणखी एक विचित्र प्रकार होता. दर वर्षी मे संपता संपता एका सकाळी आमच्या बाजूच्या सातही दारांत कागदावर खोबऱ्याचा एकेक तुकडा यायचा. स्वतः शेठ द्यायचे. कशाचा प्रसाद, विचारलं तर “खा” एवढंच. आम्ही आपले समजलो, इमारतीचा वाढदिवस असेल. कॉम्प्युटरवाल्या मुलीनं एकदा त्यांना ‘हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी’ही म्हटलं. ते “तुमाला पन” म्हणाले आणि वर निघून गेले.

आमच्या घरी पेच पडला तो सासूबाई राहायला आल्यावर. त्या कराडजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर एकट्या राहात होत्या, मग दोन्ही गुडघे गेले आणि आम्ही त्यांना इकडे आणलं. येताना त्यांनी कपडे दोन पिशव्यांत आणले आणि देव मांडीवर. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घराण्याचे चांदीचे टाक, झिजून नाकडोळे न उरलेले. पन्नास वर्षं त्यांनी त्यांना रोज आपल्या हातानं आंघोळ घातलेली. आमच्या घरी आल्या आणि आठ बोटं उंच कडप्प्यापुढे त्यांना बसताच येईना. एकदा हट्टानं बसल्या, तर उठवायला मी, माझा नवरा आणि खालचे वॉचमन लागले. मग पूजा नवऱ्याकडे आली. तो ऑफिसच्या घाईत देवांना अशी आंघोळ घालायचा की मला त्याच्या लहानपणाची कल्पना यावी. सासूबाई मागे खुर्चीवर बसून सूचना द्यायच्या, अरे पुसून घे, अरे अन्नपूर्णेला खाली मुंडी घालून ठेवलंस. हळूहळू सूचना बंद झाल्या. एक दिवस मला म्हणाल्या, “माझे देव आता मी नुसते बघायचे.” त्या रडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून सकाळचा चहा अर्धा टाकायला लागल्या, आणि ते मला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

मी ठरवलं, देवघर हलवायचं. पनवेलच्या बाजारात भिंतीवर लावायची तयार मंदिरं मिळतात. एक चांगलं बघून सासूबाईंच्या खोलीत खुर्चीच्या उंचीला लावायचं. आणि मोकळ्या झालेल्या जागेत वॉशिंग मशीन. खरं सांगायला मला लाज नाही. माझं मशीन न्हाणीघराच्या दारात उभं होतं, त्यामुळे दार अर्धंच उघडायचं आणि मी रोज तिरकी होऊन आत जायची. स्वयंपाकघराचा नळ देवघराला लागून. देवघराचा पुढचा भाग फोडला की मशीन अगदी आत. माझ्या मनात सासूबाईंचे गुडघे होते हे खरं, पण गुडघ्यांच्या मागे वॉशिंग मशीन उभं होतं हेही तितकंच खरं.

रविवारी सकाळी मिस्त्री आला, भिंत बघितली, दुपारी सामान घेऊन येतो म्हणाला. मिस्त्री शेठच्या भावकीतला निघाला. दुपारी बेल वाजली तेव्हा मिस्त्री नव्हता, शेठ होते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आमचं अ‍ॅग्रीमेंट. चपला बाहेर, थेट देवघरापाशी, नमस्कार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “म्याडम, ह्यो फोराचा नाय.”

मी म्हटलं, “शेठ, घर आमचं आहे.”

“घर तुमचा. ह्यो नाय.” त्यांनी कागद उलगडला. “एरिया वाचा. मंग घर मोजा. ह्यो दोन बाय तीन मी तुमाला इकलाच नाय. कोनालाच इकला नाय.”

मी ते अ‍ॅग्रीमेंट सही करताना वाचलं नव्हतं, ते त्या दिवशी वाचलं. खरंच, आमच्या क्षेत्रफळातून देवघर वजा केलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं आमचे देव आमच्या घरात नव्हतेच, शेठच्या जागेत राहात होते. लोक एकेक इंच वाढवून विकतात आणि हा माणूस सहा चौरस फूट कमी लिहून बसलेला. मला राग आला. मी म्हटलं, “तुमची जागा राहू दे तुम्हाला. आमचे देव आम्ही उचलून दुसरीकडे नेतो. आईंना खाली बसता येत नाही, त्यांनी काय करायचं?”

“देव हलवायचा नाय. आन् देवाफुडं भुईला टेकूनच बसायचा. मी सगल्यांना सांगलाय.”

तेव्हा सासूबाई खुर्चीवरून बोलल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. “भाऊ, चौथ्या मजल्यावर कसली आलीय भुई?”

शेठनी पायाखालच्या टाइल्सकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर. बाहेर दुसऱ्या इमारती होत्या. कागदाची घडी घालायला लागले, तर ती नीट बसेना. सासूबाईंनी त्यांना बसायला खुर्ची सरकवली आणि ते बसले. आमच्या घरात खुर्चीवर बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मग सासूबाईंनी तो प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कुणी, घर घेताना, कर्ज काढताना, वास्तुशांत करताना, एकदाही विचारला नव्हता. “इथं आधी काय होतं हो?”

“शेत होता, बाय. आमचाच. भात लावाचो.” ते म्हणाले. “ह्या बाजूला बांध होता, आन् बांधावर देव.”

“बांधावरचा राखणदार. आमच्याकडं म्हसोबा असतोय.”

“तोच. पर आमी नाव नाय घेत. देवच बोलतो.” सासूबाईंना एवढंच पुरे झालं आणि शेठना ऐकणारं माणूस मिळालं. पेरणीच्या आधी त्या दगडापुढे नारळ वाढवायचा, मग बियाणं टाकायचं, असा त्यांच्या घराचा नेम. पहिला घास त्याचा. आई त्या दगडापुढे मातीतच बसायची, चिखल असला तरी चिखलात. आजूबाजूची शेतं गेली, रस्ते आले, मग यांचीही गेली. मुलांनी बिल्डिंग काढायची ठरवली. “जमीन इकली, ती इकली. देव कसा इकू?” त्यांनी आर्किटेक्टला सांगितलं, दगड आहे तिथेच राहील, वर काय करायचं ते तुम्ही बघा. ती मीटरशेजारची खोली म्हणजे त्या दगडाभोवती बांधलेल्या चार भिंती. आत फरशीसुद्धा घातलेली नाही, माती आहे. आणि त्याच्यावर पाय नको, संडास नको, म्हणून सात मजले सात देवघरं. आमच्यापैकी जो कुणी आपल्या देवापुढे डोकं टेकायचा, तो शेठच्या देवापुढेही टेकायचा. दर मे महिन्यातलं ते खोबरं पेरणीचं होतं.

“मग सांगायचं की आम्हाला,” मी म्हटलं. माझा आवाज उगाच खाली गेला होता.

“कसा सांगू? लोका बोलली असती, फ्लॅटखाली देव हाय, कायतरी भानगड हाय. एक फ्लॅट गेला नसता.” मग म्हणाले, “आन् कोनी इचारला पन नाय.”

सासूबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमची ही देवांची रेघ वर जाते का आडवी?”

“वर.”

“मग माझे देव आडवे नका नेऊ. वर उचला. रेघ तीच राहते, मला हात पोचतो.”

इतकी साधी गोष्ट. मला ती का सुचली नाही, याचं उत्तर न्हाणीघराच्या दारात उभं होतं. शेठना का सुचली नाही, तर त्यांनी आठ बोटांचा कायदा केला होता आणि कायदा मोडायचा म्हणजे आईला चिखलातून उठवायचं. त्यांनी खिशातून सुतळी काढली, सासूबाईंना खुर्ची देवघरापुढे घ्यायला सांगितली आणि जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत सुतळी धरली. तिथे गाठ मारली. “तुमच्यासाठी,” ते म्हणाले, “बाकी कोनासाठी नाय.”

चार दिवस शेठ स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर बसून होते. कडप्पा उचलून नवीन ओटा बांधला, तेलाचा कोनाडा वर आला, खण वर आला, जाळी होती तिथेच राहिली. खुर्चीत बसल्यावर गुडघे आत जायला खाली पोकळी ठेवली, आणि त्या पोकळीत मी काही ठेवू नये म्हणून मला तीनदा बजावलं. पाचव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी खुर्चीत बसून, पदर खोचून, आपल्या देवांना आपल्या हातानं आंघोळ घातली. पाऊण तास लागला. नवऱ्याच्या तीन महिन्यांच्या आंघोळींचा मळ काढला असणार. शेठ दारात उभे राहून बघत होते. कोपर आपटतंय का, एवढंच बघत होते असं ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे चहा घेतला, आणि सासूबाईंनी तो पूर्ण संपवला. स्वतःचा, म्हणजे.

त्यानंतर तपासणी महिन्याऐवजी आठवड्याला होऊ लागली, कारण निमित्त देवघराचं आणि गप्पा भाताच्या. दोघं बसून आपापल्या गावच्या तांदळाची भांडणं करायचे. सासूबाई लिफ्टनं खाली जायच्या आणि करदोट्याच्या किल्लीनं ती खोली उघडली जायची. एकदा मीही गेले. शेंदूर लावलेला एक दगड, मांजराएवढा. खोलीत गारवा होता आणि ओल्या मातीचा वास. मी खाली बसले. मला बसता येतं.

गेल्या थंडीत आमचे बिल्डर गेले. फार आजारी नव्हते. मुलांचं त्यांच्यावर प्रेम होतं, पण मुलांना इमारती पुष्कळ, ही एक त्यांच्या लक्षात कशी राहणार. दहाव्याला सासूबाई खुर्चीसकट गेल्या होत्या. तिथे थोरल्या मुलानं त्यांच्या हातात ती किल्ली ठेवली आणि म्हणाला, बाबांनी सांगलंय, चौथ्या मजल्यावरच्या बायला द्या. सोबत सुतळी होती. तिच्या गाठी मी मोजल्या नाहीत, पण एक कोणती ते मला माहीत आहे.

मे संपत आला. खोबरं येणार नव्हतं. एका सकाळी सासूबाईंनी माझ्यापुढे नारळ ठेवला आणि किल्ली ठेवली. मी खाली गेले, मातीत बसले, नारळ वाढवला. तुकडे केले. मग सातव्यापासून एकेक दार वाजवत खाली उतरले. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं विचारलं, “शेठ नाहीत आता, मग ही अ‍ॅनिव्हर्सरी?” मी म्हटलं, “पेरणी आहे.” ती म्हणाली, “कुणाची?” मी म्हटलं, “आपली. बस, सांगते.” आणि दारातच तिला सगळं सांगितलं, शेत, बांध, देव, न विकलेलं दोन बाय तीन. तिनं तुकडा दोन्ही हातांनी घेतला. ठेवायला जागा शोधली, आणि मग फ्रिजवर एक वाटी ठेवून तिच्यात ठेवला. फ्रिज देवघरातच होता, म्हणजे तुकडा बरोबर रेघेत होता.

एवढं आमच्या बिल्डरांना चाललं असतं, असं मला वाटतं. ते असते तर मी विचारलं असतं. माझं वॉशिंग मशीन अजून न्हाणीघराच्या दारातच आहे आणि मी अजून तिरकी होऊन आत जाते.